रॅम टाकायच्या आधीचा शनिवार

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' निम्मे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

बसमध्ये, हॉस्टेलवर, नाहीतर शेतात मोटर चालू व्हायची वाट बघत जिथं कुठं इअरफोन लावून ऐकत असाल, तिथं आरामात ऐका. आजचा विषय जरा कोरडा वाटेल. रॅकमधल्या सर्व्हरला जास्तीची रॅम टाकायची आहे, तर तयारी काय करायची? स्लॉटमध्ये रॅम कशी दाबायची याचे शंभर व्हिडिओ आहेत. ते काम दहा मिनिटांचं आहे. मी बोलणार आहे त्याच्या आधीच्या दीड दिवसाबद्दल, कारण माझी चूक तिथं झाली होती.

ती चूक आधी सांगतो.

बीटेक झाल्यावर पहिली नोकरी पुण्यात, लोकांच्या ऑफिसांमध्ये जाऊन मशीन बघायची. वय तेवीस. एका ऑफिसात सर्व्हरची रॅम वाढवायला पाठवलं. ऑफिसचं नाव सोडा. मी सर्व्हर शटडाउन केला, मागची पॉवर केबल काढली, झाकण उघडलं, स्टिका टाकल्या, झाकण लावलं. वीस मिनिटांत काम फत्ते. चहा पिऊन निघालो. झाकण लावताना मदरबोर्डवर एक बारीक दिवा लागलेला दिसला होता. मनात आलं, असेल काहीतरी.

तर त्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय होते. दोन सप्लाय म्हणजे दोन केबल, आणि मी काढली एक. एक सप्लाय जळाला तरी दुसऱ्यावर मशीन चालत राहावं यासाठीच ते दोन असतात. म्हणजे मी आत हात घातला तेव्हा बोर्डावर वीज होती. शिवाय हाताला पट्टा नाही, अंगात पॉलिस्टरचं जॅकेट, महिना जानेवारीचा.

त्या दिवशी काहीही झालं नाही. सगळी रॅम दिसली, सगळे खूश. तीन आठवड्यांनी मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. कधी आठवड्यातून एकदा, कधी दिवसातून दोनदा. तिथं एंट्री करणारी एक ताई होती. एंट्री सेव्ह होता होता मशीन पडायचं, ती पुन्हा एंट्री करायची, काही एंट्र्या दोनदा पडायच्या. महिनाअखेरीला हिशोब जुळेना. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला सुनावलं, लक्ष कुठं असतं म्हणून. पंधरा दिवसांनी कुणीतरी लॉग उघडून बघितला, तर एका स्लॉटवर मेमरीच्या चुकांची रांग लागलेली. ती स्टिक माझ्या हातून खराब झाली की मुळातच तशी होती, हे मला आजही सिद्ध करता येत नाही. आणि मला टोचतं ते नेमकं हेच. आधी मशीन कसं होतं याची मी एक ओळसुद्धा लिहून ठेवली नव्हती. ठेवली असती, तर त्या ताईला बोलणी खावी लागली नसती. ती माझी बोलणी होती.

आता या वर्षीच्या फेब्रुवारीत येऊ. आपल्या जिल्ह्यात, नाव अहिल्यानगर झालं तरी माझ्या तोंडात अजून नगरच येतं, तर आपल्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. माझ्या आजीची मुदत ठेव तिथं आहे. व्यवस्थापक साहेब वडिलांच्या ओळखीचे. त्यांचा फोन आला, "अरे, सर्व्हर फार हळू झालाय. रॅम घ्यायला सांगितलीय. तू सुट्टीला आलास की टाकून देशील का?"

पुण्यात बसून हे छोटं काम वाटेल. पण नगर जिल्ह्यात पतसंस्थेचं काउंटर सोमवारी सकाळी उघडलं नाही, तर दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर काय चर्चा होते, ते इथल्या माणसाला विचारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. ही बँक १९१० पासूनची होती. घराघरात कुणाचे ना कुणाचे पैसे तिथं होते. तरी बँकेच्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. त्यामुळे "सर्व्हर बंद आहे" हे तीन शब्द इथं लोकांच्या कानावर वेगळेच पडतात. मी साहेबांना म्हटलं, टाकतो, पण मला शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळ द्या. ते म्हणाले, "एवढा वेळ? अरे, दुकानवाला तर अर्धा तास म्हणाला."

सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायचा, रॅम हवीच आहे का? मशीन हळू झालं की लोक रॅमचं नाव घेतात, जसं थकवा आला की सलाइनचं. मी आधी आठवडाभर पुण्यातून रोज दोनदा नोंद घेतली. दिवसा ६४ जीबीपैकी पन्नासच्या आसपास वापर असायचा. संध्याकाळी दिवसअखेर आणि व्याजआकारणी सुरू झाली की मेमरी भरायची आणि मशीन डिस्कवर लिहा-वाच करत बसायचं. ठीक, म्हणजे खरंच रॅमचं दुखणं. तसं नसतं, तर ते पैसे वाचले असते.

मग कोणती रॅम? सर्व्हर होता डेलचा आर ७४०. दोन प्रोसेसर, चोवीस स्लॉट. प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे सहा चॅनल, म्हणजे सहा स्वतंत्र रस्ते. यांच्याकडे १६ जीबीच्या चारच स्टिका होत्या, एकेका प्रोसेसरला दोन. सहा पदरी रस्ता बांधून दोनच पदरांवर वाहतूक चाललेली. म्हणून तशाच अजून आठ घ्यायच्या, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरला सहा, एकूण १९२ जीबी आणि सगळे चॅनल भरलेले. या मशीनमध्ये पांढऱ्या खिट्ट्यांचे स्लॉट आधी भरायचे, काळ्यांचे नंतर. हे झाकणाच्या आतल्या बाजूला आणि मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. सर्व्हरच्या रॅमचेही प्रकार आहेत, आरडिम आणि एलआरडिम, ते एकत्र चालत नाहीत. आणि आपल्या घरच्या पीसीची रॅम यात चालत नाही. दुकानदार २९३३ वेगाची जास्त पैशात देत होता. पण यातला झिऑन सिल्व्हर ४२१० हा प्रोसेसर मेमरी २४०० च्या वर चालवतच नाही. जुन्या स्टिकेवरच्या स्टिकरचा फोटो काढा, तोच भाग क्रमांक मागा, विषय संपला.

शनिवारी दुपारी पोहोचलो. सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालची खोली. एसी, बारा-पंधरा युनिटची उभी रॅक, खाली यूपीएस, कोपऱ्यात जुन्या पावती पुस्तकांचे गठ्ठे. चपला बाहेर काढायच्या, आत सतरंजी. सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर हळदी-कुंकवाची बोटं आणि एक वाळलेली झेंडूची पाकळी. खंडेनवमीची पूजा. मी हसत नाहीये, माझ्या लॅपटॉपलाही आई लावते. फक्त कुंकू जाळीत नको, वरच्या पत्र्यावर लावा. पंखा ते आत ओढतो. गावाजवळ साखर कारखाना आहे, गळीत हंगाम चालू, म्हणजे बगॅसची काजळी खिडकीच्या फटीतून येणारच. मागच्या बाजूनं बोट फिरवलं तर बोट काळं.

पहिलं काम, सतरंजी गुंडाळून बाहेर. दुसरं, वायरमन काकांना फोन.

इथं जरा थांबतो, कारण या गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही. हिवाळा संपता संपता आपल्याकडची हवा कशी असते? अकोल्याकडं घाटघर-भंडारदऱ्याला पाऊस कोसळतो, पण सह्याद्रीच्या अलीकडे पारनेर, कर्जत, जामखेड हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. फेब्रुवारीत ओठ फुटतात, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. तो चटका म्हणजे स्थिर वीज. आपल्याला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. मेमरीची चिप काही वेळा १०० व्होल्टच्या आतही दुखावते. म्हणजे तुम्हाला काहीच जाणवलं नाही, तरी चिपचं काम झालेलं असू शकतं. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत गेलं तर अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत साचल्याची मोजमापं आहेत. दमट हवेत तेच दीड हजारावर येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चिप लगेच मरत नाही. अर्धमेली होते आणि तीन आठवड्यांनी त्रास द्यायला लागते. ती गोष्ट आत्ताच सांगितली.

यावर उपाय म्हणजे मनगटाचा पट्टा. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एक टोक मनगटाला, दुसरं अर्थिंग असलेल्या उघड्या धातूला. त्याच्या वायरमध्ये १० लाख ओहमचा रोध असतो. तो कशासाठी? चुकून २३० व्होल्टला टेकलात तर अंगातून जाणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्याही आत राहावा म्हणून. त्यामुळे घरी साधी तार बांधून जुगाड करू नका. आणि ऑनलाइन एक बिनवायरचा पट्टा मिळतो. तो बांधणं म्हणजे राखी बांधणं. भावना चांगली, उपयोग शून्य.

पण पट्टा जिथं अडकवायचा, त्या रॅकलाच अर्थिंग नसेल तर? सर्व्हरची केबल काढली की त्याचा केबलमधून येणारा अर्थही गेला. मग उरतो फक्त रॅकचा. वायरमन काकांनी रॅकच्या मागं टॉर्च मारली. हिरवी-पिवळी वायर रॅकपर्यंत आलेली, आणि गुंडाळून तशीच लोंबत ठेवलेली. नट लावलेलाच नाही. रॅक बसवल्यापासून हे असंच.

काकांनी सॉकेटवर मीटर लावला. हे तुम्ही करू नका, ज्याला परवाना आहे त्याला करू द्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, बरोबर. न्यूट्रल-अर्थ मात्र तीसच्या वर. हे दोन-तीनच्या आत हवं. काका म्हणाले, "चला, खड्डा बघू."

खड्डा इमारतीच्या मागं. मीठ-कोळसा घालून केलेला, वर सिमेंटचं झाकण, झाकणावर तुटकी कुंडी. आत माती भुगा झालेली, पट्टीचा बोल्ट गंजून ढिला. अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते. ओल गेली की जमीन वीज घेत नाही. आपल्याकडं माणसांना टँकर लागतो, तिथं खड्ड्याला पाणी कोण घालणार? काकांनी बोल्ट घासून नवीन लावला, आम्ही चार बादल्या पाणी ओतलं, तासाभरानं मीटर पुन्हा लावला. दोनच्या खाली. मग रॅकला हिरवी वायर जोडली. काका जाताना म्हणाले, "मुळा-प्रवरा होती तेव्हापासून मी खड्डे भरतोय, पाणी घालणारा एक माणूस नाही भेटला." तुमच्यातल्या लहान मंडळींसाठी सांगतो, श्रीरामपूर-राहुरीकडं २०११ पर्यंत वीज द्यायची ती मुळा-प्रवरा ही सहकारी संस्था. महावितरण आमच्याकडं नंतर आली. शाळेत असताना लाइट गेली की आम्ही 'मुळा-प्रवरा गेली' असंच म्हणायचो.

संध्याकाळ. आता डेटा. पतसंस्थेत एक गोष्ट असते जी पुण्याच्या इंजिनिअरला माहीत नसते, ती म्हणजे पिग्मी एजंट. दिवसभर दुकानादुकानातून पन्नास-शंभर रुपये गोळा करतात, हातातल्या छोट्या मशीनवर नोंद करतात आणि संध्याकाळी ती सर्व्हरवर चढवतात. शनिवारी एक एजंट लग्नाला गेलेला, त्याचं मशीन त्याच्याच पिशवीत. त्याची नोंद चढल्याशिवाय दिवसअखेर करायची नाही, म्हणून आम्ही साडेआठपर्यंत थांबलो. साहेब घड्याळाकडं बघत होते. मग दिवसअखेर झाली, सगळ्या शाखा बाहेर पडल्या का ते फोन करून विचारलं, आणि बॅकअप घेतला.

बॅकअप घेतला म्हणजे काय? फाइल तयार झाली एवढंच. ती फाइल मी माझ्या लॅपटॉपवर उघडून चालवली, तिथली तेरीज काढली आणि हिशोबनीस ताईंनी सर्व्हरवरच्या तेरजेशी ओळ न ओळ जुळवली. पैशात पैसा जुळला. मग ताई म्हणाल्या, "खातेदाराची सही उघडून दाखवा." उघडेना. सह्यांच्या नमुन्यांचं फोल्डर बॅकअपमध्ये कधी घेतलंच जात नव्हतं. रोज रात्री बॅकअप होत होता आणि हजारो सह्या एकाच डिस्कवर पडून होत्या. हे माझ्या लक्षात कधीच आलं नसतं. ज्या माणसाचं रोजचं काम आहे, त्याला बॅकअप तपासायला बसवा. फोल्डरची वेगळी प्रत घेतली, ताईंनी चार-पाच सह्या उघडून बघितल्या, मग पुढं गेलो.

आता आजच्या भागातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तिला मी 'कोरी बंद-चालू' म्हणतो. काहीही बदलायच्या आधी, झाकणाला हात न लावता, सर्व्हर व्यवस्थित बंद करायचा, दोन्ही केबल काढायच्या, पाच मिनिटं थांबायचं, परत लावायच्या आणि चालू करायचा. बस. यानं काय होतं? हा सर्व्हर दोन वर्षांच्या वर एकदाही पूर्ण बंद झाला नव्हता. यूपीएस आहे, जनरेटर आहे, कशाला होईल? इतक्या दिवसांत आत काय काय म्हातारं झालंय, ते चालू असताना कळत नाही. उद्या रॅम टाकली आणि मशीन उठलं नाही, तर सगळे रॅमकडं बोट दाखवणार. म्हणून आधी बघायचं, हे मशीन जसं आहे तसं तरी उठतं का?

त्याआधी जुना लॉग सेव्ह केला. मेमरीची एकही चूक नव्हती, हे तारखेसकट वहीत लिहिलं आणि साहेबांची सही घेतली. साहेब म्हणाले, "मला काय कळतंय यातलं?" मी म्हटलं, तारीख कळते ना, तेवढी बस झाली.

बंद करायला क्रम आहे. आधी सॉफ्टवेअर, मग डेटाबेस, मग आतली आभासी मशीनं, शेवटी मुख्य सर्व्हर. उठवताना उलटा. बंद झालं, केबल काढल्या, पाच मिनिटं, लावल्या, बटण दाबलं. पंखे घोंगावले, स्क्रीन आली. आणि घड्याळ कित्येक वर्षं मागं. मदरबोर्डवरचा शर्टाच्या बटणाएवढा सेल मेलेला होता. सीआर २०३२, तीन व्होल्ट. वीज चालू असताना त्याची गरज पडत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

आता विचार करा. हे उद्या कळलं असतं, रॅम टाकल्यावर, घाईत, संध्याकाळी. कुणी घड्याळाकडं बघितलंही नसतं. सोमवारी दिवस उघडला असता चुकीच्या तारखेला. ठेवींची मुदत तारखेवर, व्याज तारखेवर. आजीची मुदत ठेव कोणत्या साली पूर्ण झाली असती, देव जाणे.

रात्रीपुरती तारीख हातानं नीट केली, डेटा तपासला आणि घरी गेलो. सेल कुठून आणला? सोनारानं दिला. त्याच्या छोट्या वजनकाट्यात तोच लागतो.

रविवारी सकाळी सर्व्हर बाहेर काढायचा. रॅकमधून सर्व्हर रुळांवर पुढं सरकतो, कपाटाच्या खणासारखा. तीन काळज्या. पहिली, असा सर्व्हर भरला की २५-३० किलोचा असतो. हलकी रॅक पुढं झुकू शकते. म्हणून खालचे पाय टेकलेत का बघायचं, जड यूपीएस खालीच ठेवायचा आणि एका वेळी एकच मशीन बाहेर काढायचं. दुसरी, मागच्या केबल. त्यांना लांबी नसेल तर मशीन पुढं येताना त्या ताणून तुटतात. म्हणून आधी फोटो, मग प्रत्येक केबलला चिकटपट्टी लावून नंबर, मगच काढायच्या. शिपाई दादांनी नंबर घातले आणि माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात घातले. तिसरी, बोटं. रूळ खटकन लॉक होतात, मध्ये बोट ठेवू नका. दोन माणसं लागतातच, एकट्यानं करू नका.

आणि केबल, अर्थात दोन. मी मोठ्यानं म्हटलं, "एक." मग, "दोन." शिपाई दादांना वाटलं पोरगं बोलायला लागलं. मागचे दोन्ही हिरवे दिवे विझलेले बघितले. मग पुढचं पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, कारण सप्लायच्या आत थोडी वीज साठून राहते, ती उतरवायची. सर्व्हर 'बंद' केला तरी केबल लावलेली असेपर्यंत बोर्डाचा एक भाग जागाच असतो. लांबून सर्व्हर चालू-बंद करता यावा म्हणून. माझा तो तेव्हाचा बारीक दिवा हाच.

धूळ. काजळीसाठी हाताचा ब्लोअर, आणि तोही सर्व्हर खोलीबाहेर ओट्यावर नेऊन. पंख्यांची पाती बोटानं धरून ठेवायची. वाऱ्यानं पंखा गरागरा फिरला की तो उलट वीज तयार करतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या नळीवर भरपूर स्थिर वीज असते. रिकाम्या रॅम स्लॉटमध्ये सरळ हवा मारायची नाही. नाहीतर बाहेरची काजळी आत ढकलाल.

पट्टा बांधला, रॅकच्या रंग खरवडलेल्या जागी चिमटा लावला आणि सेल बदलला. झाकण लावलं, मशीन परत आत ढकललं. साहेब बघत होते. म्हणाले, "अरे, उघडलंच होतं तर रॅमपण टाकून घ्यायची ना!"

हा प्रश्न रास्त आहे. रविवारची दुपार होती, त्यांना घरी जायचं होतं. पण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन रुसलं, तर कुणामुळे हे कसं सांगणार? एका वेळी एक बदल. सेल टाकला, चालू केलं, तारीख नीट टिकली, दोन्ही केबल काढून परत लावल्या तरी टिकली. वहीत लिहिलं. मग परत सगळं बंद, परत "एक, दोन", परत बाहेर. तासभर जास्त गेला. साहेबांनी वडे मागवले.

रॅम टाकण्याचं थोडक्यात सांगतो. वरचं हवेचं प्लास्टिक आवरण काढायचं. आत्ताच बंद केलं असेल तर जुन्या स्टिका गरम असतात, थोडं थांबायचं. नवीन स्टिक चंदेरी पिशवीतून लागेल तेव्हाच काढायची, आणि पिशवीवर ठेवायची नाही. पिशवी आतल्या वस्तूला वाचवते, वर ठेवलेल्या नाही. कडेनं धरायची, सोनेरी दातांना हात लावायचा नाही. खाच जुळवायची आणि दोन्ही बाजूंनी सारखा दाब. खिट्ट्या आपोआप खटकन मिटल्या पाहिजेत. जोर लावावा लागत असेल, तर खाच उलटी आहे. प्रत्येक स्टिकेचा क्रमांक आणि स्लॉट वहीत. ए ३ मध्ये अमुक, बी ४ मध्ये तमुक. ही वहीच पुढं साक्षीदार. आवरण परत बसवायला विसरू नका. ते नसेल तर हवा भलतीकडं जाते.

चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं तशीच उभी राहिली. सर्व्हर नवीन मेमरीशी ओळख करून घेतो, त्याला वेळ लागतो. इथं बटण दाबून बंद करायचा मोह होतो. करू नका, वडा खा. आमचा वडा संपायच्या आत १९२ चा आकडा आला. मग मेमरीची आतली चाचणी लावून दिली, संध्याकाळपर्यंत चालली. शेवटी ताईंनी तेरीज काढली, शनिवारची तीच. एजंटाची लग्नातली नोंदसुद्धा होती.

सोमवारी दहा वाजता काउंटर उघडलं. आजी पासबुक भरून घ्यायला गेली होती, मी सांगितलं नव्हतं. परत येऊन म्हणाली, आज मशीन लवकर छापतंय.

त्यानंतर मी रोज रात्री पुण्याहून लॉग बघतो. चौथ्या दिवशी बी ४ वर एक चूक आली, आपोआप दुरुस्त झालेली. एकच. अशी एखादी येऊ शकते, पुन्हा आली नाही तर काळजी नाही. वहीत तारीख लिहिली, साहेबांना कळवलं, आणि ताईंना वेगळा फोन करून सांगितलं की एखादी एंट्री दोनदा पडली तर आधी मला फोन करा, स्वतःला दोष देऊ नका. अजून फोन आलेला नाही. स्टिक वॉरंटीत आहे, बदलून मिळेल.

शिपाई दादांनी अर्थिंगच्या खड्ड्यावरची तुटकी कुंडी काढली आणि त्यात तुळस लावून ती परत तिथंच ठेवलीय. म्हणाले, आता रोज पाणी पडेल. मला हे सुचलं नसतं.

तुमच्या ऑफिसातल्या रॅकच्या मागं ती हिरवी-पिवळी वायर नुसती लोंबतेय की कुठं जोडलीय, उद्या टॉर्च मारून बघा, हात लावू नका, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.